परतीचा पहिला दिवस

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे भरून झालेले असतील आणि पुष्कळ घरांतून प्रवासाच्या बॅगाही माळ्यावरून खाली उतरल्या असतील. कुणी माहेरी जाईल, कुणी गावी, कुणी देवदर्शनाला. जाण्याची तयारी कशी करावी हे मी सांगायला नको. परंतु परत येण्याची तयारी आपल्यापैकी किती जण करतात? मी तरी गेल्या मे महिन्यापर्यंत कधी केली नव्हती.

आम्ही चौघे २० दिवस रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी राहून आलो. रात्री दहाला डोंबिवलीच्या घराचे कुलूप उघडले तेव्हा बंद घराचा कोंदट वास अंगावर आला. सगळीकडे धुळीचा थर, बाल्कनीतल्या तुळशीच्या काटक्या झालेल्या आणि टोपलीतल्या बटाट्यांना हे लांब कोंब! मुले तशीच पलंगावर आडवी झाली. मी पंखा लावला, खुर्चीत बसलो आणि नेहमीच्या सवयीने म्हणालो, "अगं, जरा चहा टाकतेस का?"

सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. खांद्यावरची पर्ससुद्धा तिने अजून खाली ठेवली नव्हती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुमची सुट्टी आज संपली. माझी दोन दिवसांपूर्वीच संपली, गावी बांधाबांध करायला बसले तेव्हा. आणि आता पुढचे आठ दिवस मी एकटीच परतत राहणार."

ती रागाने बोलली असती तर मीही काही उत्तर दिले असते. पण ती रागावलेली नव्हती, आणि तेच मला लागले. आदल्या वर्षी परतल्यावर चौथ्याच दिवशी ती तापाने अंथरुणाला खिळली होती. 'हवा बदलली' असे म्हणून आम्ही सारे मोकळे झालो होतो. बदललेली हवा सर्वांनाच लागली होती. कामे मात्र तिला एकटीलाच लागली होती!

त्या रात्री चहा मी केला. दूध नव्हतेच, म्हणून कोरा. मग चौघे बसलो आणि कामांची यादी केली. त्या आठवड्यात जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट पोटाची. पहिल्या रात्री साग्रसंगीत स्वयंपाकाचा विचारच करू नये. गावाहून कुळथाचे पीठ आणलेलेच होते. पिठले-भात झाला, आणि भाताचा कुकर चौदा वर्षांच्या चिरंजिवांनी लावला.

दुसरी गोष्ट पाण्याची. नळात साचून राहिलेले पाणी थोडा वेळ सोडून द्यावे. ते बादलीत धरले तर लादी पुसायला होते. कुंड्यांखालच्या ताटल्या, पिंप, फुलदाणी यांतले पाणी त्याच दिवशी ओतून टाकावे. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्याजवळ अंडी घालतो, आणि उबदार हवेत ८-१० दिवसांत अंड्याचा डास होतो. ही अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसते ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते.

तिसरी गोष्ट फ्रीजची. निघण्याआधी एका वाटीत पाण्याचा बर्फ करावा, त्यावर एक नाणे ठेवावे आणि वाटी बर्फाच्या कप्प्यातच राहू द्यावी. परतल्यावर नाणे बर्फाच्या तळाशी दिसले, तर मध्यंतरी वीज बराच वेळ गेली होती आणि बर्फ वितळून पुन्हा गोठला, असे समजावे. मग त्या कप्प्यातले पदार्थ मोह न धरता टाकून द्यावेत.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, ती झोपेची. सुट्टीत मुले रात्री बारापर्यंत पत्ते कुटतात आणि सकाळी नऊला उठतात. हा केवळ आळस नव्हे. शरीरात खरोखरच एक घड्याळ असते. पिकल्या फळांवर घोंगावणाऱ्या इवल्याशा माश्यांवर प्रयोग करून त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक माणसांचे हे घड्याळ २४ तासांहून किंचित मोठे असते. त्यामुळे उशिरा झोपायची सवय चटकन लागते आणि लवकर उठायची मात्र लागता लागत नाही. सकाळच्या उजेडाने ते घड्याळ मागचा उशीर भरून काढते. आम्ही शाळा उघडण्यापूर्वी आठवडाभर रोज १५ मिनिटे आधी मुलांना उठवले आणि उठल्याबरोबर दूध आणायला खाली पिटाळले. रात्रीचे जागरण आपोआप कमी झाले. पहिल्याच पहाटे सहाला ओरडून उठवले असते, तर घरात नुसते रण माजले असते.

आणि पाचवी गोष्ट. रजा संपण्याच्या एक दिवस आधी घरी या. गावचा तो एक दिवस सोडताना जिवावर येते खरे. पण तो दिवस वाया जात नाही. नाहीतर त्याची भरपाई घरातले एकच माणूस आपल्या झोपेतून करीत असते. मळक्या कपड्यांचा ढीगही एका दिवसात उपसायचा हट्ट नको. शाळा-कचेरीचे कपडे आधी, बाकीचे सवडीने.

त्या वर्षी ताप आला नाही. तो या यादीमुळेच टळला, असा दावा मी करणार नाही. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी सौभाग्यवती शेजारणीशी गॅलरीत गप्पा मारीत उभी होती, एवढे मी पाहिले.

आता भाऊबीजेला आम्ही माझ्या बहिणीकडे पुण्याला जाणार आहोत. बरोबर न्यायच्या सामानाच्या यादीमागे परतीची यादी लेकीच्या अक्षरात तयार आहे. तिच्यात आईच्या नावापुढे एकच काम लिहिले आहे: 'आल्यावर खुर्चीत बसणे.' ती कितपत बसेल, याची मला शंकाच आहे. पण चहा मात्र मी टाकणार आहे.