हात थांबू नये म्हणून : व्हिममध्ये स्वतःच्या कळा

मंडळी, आपण सिद्धिविनायकाच्या केळझरात बसलोय, तर सुरुवात गणपतीपासूनच. महाभारत लिहून घ्यायला बसताना त्यानं अट घातली, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. आजच्या विषयाला या दोन्ही अटी लागू आहेत.

व्हिम हा टर्मिनलमध्ये चालणारा संपादक. ब्रॅम मूलेनार यांनी तो १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एस्केप दाबलं की कळा अक्षरं उमटवत नाहीत, त्या आज्ञा होतात. जे म्हणजे खाली, के म्हणजे वर. मराठी लिहिणाऱ्याची पंचाईत इथेच होते. इनस्क्रिप्ट चालू असेल तर जे च्या कळीवर र येतो आणि के च्या कळीवर क. व्हिमला र ही आज्ञा ठाऊकच नाही, मग कर्सर जागचा हलत नाही. साठवण्यासाठी आधी अपूर्णविराम लागतो, तर त्या जागी छ उमटतो! मी दर परिच्छेदाला भाषा बदलायचो. तेवढ्यात डोक्यातलं वाक्य निसटायचं.

उपाय सोपा आहे. आपल्या होम फोल्डरमध्ये विमआरसी नावाची फाइल असते. नावाआधी टिंब असतं. नसेल तर तयार करा. त्यात एका ओळीवर एननोरीमॅप, मग जागा सोडून र, पुन्हा जागा सोडून जे. दुसऱ्या ओळीवर तसंच क आणि के. तिसरीत स, आणि त्यापुढे अपूर्णविराम, डब्ल्यू, कोनी कंसात सीआर. म्हणजे स दाबला की साठवलं. र, क, स सोडून बाकी सगळं इंग्रजी अक्षरांत. व्हिम बंद करून उघडा, झालं.

आता मधलं ‘नोरी’ कशाला? ते गाळून नुसतं एनमॅप लिहिलंत, आणि र चा अर्थ क, क चा अर्थ र असं ठरवलंत, तर व्हिम एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतं. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. मुळात ठरलेल्या १००० फेऱ्या झाल्या की व्हिम चूक दाखवून थांबतं. ‘नोरी’ सांगतं, अर्थ एकदाच लाव, पुढे शोधू नको.

म्हणून दुसऱ्याची आख्खी फाइल उतरवून घेऊ नका. आज फक्त र आणि क च्या दोन ओळी लिहा. आठवडाभरात हात सरावला की स जोडा. बाकीचं प्रश्नोत्तरांत बोलू.