जोडीनं धावताना वेग कुणाचा?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, त्यामुळे दिवाळीनंतर पहाटेच्या रस्त्यांवर नवरा-बायकोच्या जोड्या वाढतात. त्यांच्यातली कुरबुर बहुधा एकच: वेग कुणाचा धरायचा?

सराव सारखा असला तरी पुरुषांचा वेग सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास जास्त असतो. मोठं हृदय आणि रक्तातलं जास्त हिमोग्लोबिन ही त्याची मुख्य कारणं. अर्थात अनेक घरांत बायकोच पुढे असते!

चालण्याचा हिशेब वेगळा आहे. प्रत्येकाची एक काटकसरीची चाल असते. त्याहून हळू किंवा भरभर गेलं की किलोमीटरमागे ऊर्जा जास्त लागते. तरीही पुरुष प्रेयसीबरोबर चालताना आपला वेग कमी करतात, असं सिअ‍ॅटलमधल्या संशोधकांना 2013च्या अभ्यासात दिसलं. धावताना मात्र ही किंमत जवळजवळ मोजावी लागत नाही. हळू धावा की जोरात, शरीराच्या दर किलो वजनाला किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरीच खर्च होते. म्हणजे वेगवान जोडीदारानं वेग कमी केला तर त्याचं फारसं बिघडत नाही. दुसऱ्याला मात्र फरफटत नेलं, तर त्याला धाप लागते, रक्तात लॅक्टेट वाढतं आणि लांब पल्ल्याचा सराव वाया जातो.

म्हणून रविवारची लांब धाव हळू धावणाऱ्याच्या वेगानं, गप्पा मारता येतील अशी करा. वेगाच्या सरावाला 20 मिनिटं आपापल्या गतीनं जा आणि त्याच गतीनं परत फिरा. दोघं एकाच वेळी पोहोचाल. या आठवड्यात करून बघाच.