पाणी गढूळलंय? जरा थांबा!

पहिला स्टायपेंड हातात आला की तुम्ही काय घेता? आईला साडी, स्वतःला हेडफोन, मित्रांना पार्टी? आम्ही तिघी रूममेट्सनी पैसे काढून फिश टँक घेतला. भाड्याच्या फ्लॅटवर कुत्रं चालत नाही, मांजर चालत नाही, एवढं घरमालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. माशांचं नाव त्यांच्या यादीत नव्हतं. मग काय, दोन फुटी टाकी, फिल्टर, रंगीत खडे आणि सहा मॉली, सगळं एकाच संध्याकाळी घरी आलं. दुकानदारानं सगळं एकदम दिलं, आम्हीही सगळं एकदम घेतलं.

चूक तिथेच झाली. पण ते कळायला दोन मासे मरावे लागले.

तिसऱ्या दिवशी पाणी पांढुरकं दिसायला लागलं. ताकात पाणी घातल्यासारखं. पलीकडचा फिल्टरही नीट दिसेना. आता आपल्याकडे घाण दिसली की आपण काय करतो? धुतो! टाकी रिकामी केली, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पिळून काढला, नळाचं ताजं पाणी भरलं. चकाचक. दोन दिवसांनी पुन्हा तेच ताक. पुन्हा धुलाई. या वेळी कॉलेजची घाई होती, म्हणून पाण्यात अँटी-क्लोरिनचे थेंब टाकायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मॉली तळाशी आडव्या पडल्या होत्या.

एक रूममेट म्हणाली, ‘तुरटी फिरवूया का?’ गावाकडे हंड्यात फिरवतात तशी. तुरटी हातात घेऊन आम्ही उभ्या होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका आठवले. त्यांच्याकडे कित्येक वर्षांपासून टाकी आहे. काका वर आले, टाकीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘पोरींनो, किती वेळा धुतलीत?’ आम्ही म्हटलं, ‘दोनदा.’ काका म्हणाले, ‘मग आता तिसऱ्यांदा धुऊ नका. ती तुरटीही ठेवून द्या.’

पाण्यात चाललंय काय?

नवी टाकी गढूळ होते याची कारणं वेगवेगळी असतात. कारण ओळखलं की अर्धं काम झालं.

पाणी भरल्या भरल्या करडं, मातकट दिसलं तर ती खड्यांची धूळ. खडे नीट धुतलेले नसतात. ती फिल्टरमध्ये अडकते किंवा एक-दोन दिवसांत खाली बसते. खडे आधीच बादलीत घेऊन, वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. टाकी भरताना तळाशी एक बशी ठेवून तिच्यावर पाणी ओता, म्हणजे खडे ढवळले जात नाहीत.

पाणी हिरवं झालं तर ते सूक्ष्म शेवाळ. टाकीवर थेट ऊन येतंय किंवा दिवा फार वेळ चालू राहतोय. टाकी खिडकीपासून लांब ठेवा, दिवा दिवसाला सहा-आठ तास पुरे.

पाणी चहासारखं तपकिरी पण पारदर्शक असेल तर सजावटीच्या लाकडाचा रंग उतरलाय. त्यानं माशांना काही होत नाही.

आणि दोन-चार दिवसांनी दुधाळ झालं तर? ते जिवाणू. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांवर ताव मारणारे जिवाणू नव्या पाण्यात झपाट्यानं वाढतात. तासाभरात दुप्पटसुद्धा होऊ शकतात. आपल्याला दिसतो तो पांढुरकेपणा म्हणजे त्यांची गर्दी. खाणं संपत आलं की गर्दीही ओसरते, साधारण काही दिवस ते आठवडाभरात. आपण पाणी बदललं की तात्पुरतं बरं दिसतं, पण गर्दी पुन्हा जमते. आमच्याकडे हेच चाललं होतं.

खरा व्हिलन दिसतच नाही

माझा समज होता की गढूळपणामुळे मासे मेले. काकांनी तो खोडून काढला. आमच्या मॉली बहुधा गेल्या त्या क्लोरिनच्या कोऱ्या पाण्यामुळे आणि दोन दिवसांत दुसऱ्यांदा सगळं पाणी बदलल्याच्या धक्क्यानं.

पण नव्या टाकीत त्याहून मोठा धोका असतो अमोनियाचा. मासे कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतात, उरलेलं खाणं सडलं की तोही तयार होतो. तो माशांना विषारी, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जुन्या टाकीत काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट त्यामानानं सौम्य, ते पाणी बदलताना निघून जातं. सर्गेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञानं १८९०च्या सुमारास हे जिवाणू मातीतून वेगळे करून दाखवले होते. शेतातलं नि टाकीतलं हे चक्र एकच!

गोची अशी की हे कामाचे जिवाणू फार संथ वाढतात आणि पाण्यात तरंगत नाहीत, तर फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि आम्ही स्पंज नळाखाली पिळत होतो! म्हणजे बसू पाहणाऱ्या वस्तीवर दर दोन दिवसांनी बुलडोझर.

काकांनी त्यांच्या जुन्या फिल्टरच्या स्पंजचा एक तुकडा कापून आमच्या फिल्टरमध्ये बसवला. विरजण लावतात ना, तसं. खाणं एक दिवसाआड केलं. हवेचा पंप चोवीस तास चालू, कारण ती जिवाणूंची गर्दी पाण्यातला ऑक्सिजनही खाते.

चौथ्या दिवशी पाणी काचेसारखं स्वच्छ! आम्ही स्टेटस ठेवलं, चहा केला, नाचायचंच बाकी होतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक मॉली गेली.

काकांनी टेस्ट किट आणलं. छोट्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, थेंब टाकले, रंग हिरवा झाला. म्हणजे अमोनिया होता. पाणी स्वच्छ दिसत होतं, सुरक्षित नव्हतं. हा धडा मला सगळ्यात जड गेला. गढूळ पाणी पाहून आपण घाबरतो, स्वच्छ पाणी पाहून निर्धास्त होतो आणि दोन्ही वेळा चुकतो.

मग रोज किट बघायचं आणि अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की पाव टाकी पाणी बदलायचं, असा नेम सुरू झाला. आमच्या टाकीत साधारण ४५ लिटर पाणी, म्हणजे ११ लिटर, एक छोटी बादली. एवढंच. फिल्टरला हात नाही.

तुम्ही टाकी आणताय? मग हे करा

- टाकी आज आणा, मासे नंतर. फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणं टाका, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळेल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे आणा, तेही दोन-तीनच.
- नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरिन टाकाच. उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं तर साधं क्लोरिन बरंचसं उडून जातं, पण क्लोरामाइन असेल तर ते तसं जात नाही.
- दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, दिवसातून एकदा.
- स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका खळखळून घ्या. नळाखाली कधीच नाही.
- मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाणी कितीही स्वच्छ दिसो, आधी किट बघा आणि पाव पाणी बदला.
- तुरटी नको. गाळ खाली बसेल, पण पाण्याची आम्लता बदलेल आणि अमोनिया तिथंच राहील.

सहाव्या आठवड्यात किटमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं. सहातल्या तीन मॉली उरल्या. ज्या गेल्या, त्या आमच्या निष्काळजीपणानं नाही, उलट जास्तीच्या काळजीनं गेल्या. हे लिहिताना अजून वाईट वाटतं.

गेल्या रविवारी रूममेट म्हणाली, ‘चला, अजून मासे आणूया!’ मी म्हटलं, ‘थांब, आधी किट आण.’