रामायण पुन्हा पाहताना

२८ मार्च २०२० रोजी सकाळी नऊ वाजता दूरदर्शनने रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका पुन्हा दाखवावयास आरंभ केला. टाळेबंदी लागून अवघे तीन दिवस झाले होते. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील बाजारपेठा ओस पडल्या होत्या. कापड, भांडी, सराफी अशी दुकाने कुलूपबंद होती. किराणा आणि औषधांची दुकाने तेवढी उघडी. ज्या व्यापारी घरांत कर्ती मंडळी सकाळी दुकानी गेली की रात्रीच परतत, त्या घरांत आता आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एकाच वेळी एकाच संचासमोर बसू लागले. एक भाग सकाळी, दुसरा रात्री नऊ वाजता. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरांना ही रात्रीची वेळ तर फारच सोयीची ठरली. १६ एप्रिलच्या भागाला सात कोटी सत्तर लाख प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. या आकड्यात विदर्भातील जैन कुटुंबांचा वाटा लहानसाच, परंतु त्या घरांतील प्रेक्षकांची नजर मोठी चिकित्सक होती.

मालिका प्रथम प्रसारित झाली ती २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत, रविवारी सकाळी. वाशिम तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो अकोला जिल्ह्याचाच भाग होता. गल्लीत एखाद्या घरी संच असे आणि त्या ओसरीवर सारी गल्ली लोटे. जे पाहिले ते एकदाच पाहिले. एखादा प्रसंग डोळ्यांतून निसटला तर तो परत पाहण्याची सोय नव्हती, आणि वीज गेली तर तो भाग कायमचाच गेला. पहिल्या खेपेचा प्रेक्षक कथेच्या ओघात वाहत होता. दुसऱ्या खेपेच्या प्रेक्षकाला कथा पाठ होती. म्हणून त्याची दृष्टी कडेकोपऱ्यांकडे वळली. रोजमेळ लिहिणारा एक आणि तो तपासणारा दुसरा, यांच्या नजरेत जो फरक असतो, तोच येथेही होता.

मग काय काय सापडले! अस्लम खान नावाचा एक नट एका भागात ऋषी होऊन येतो, दुसऱ्यात राक्षस होऊन, कधी समुद्रदेव होऊन. हे २०२० मध्ये प्रेक्षकांनी हेरले आणि तीन दशके ज्याचे नाव कोणी घेतले नव्हते, तो नट एकाएकी देशभर ओळखीचा झाला. लक्ष्मणाचे काम करणारे सुनील लहरी रोजच्या भागामागील चित्रीकरणाच्या हकिकती सांगू लागले. त्या मोबाईलवरून घरोघरी फिरल्या. मराठी घरांना आणखी एक कौतुक होते. मंथरा ललिता पवार, कौसल्या जयश्री गडकर, दशरथ बाळ धुरी, भरत संजय जोग. यांतील कौसल्या आणि दशरथ हे प्रत्यक्षातही पती-पत्नी, हे आजींनी नातवंडांना सांगायचे आणि नातवंडांनी पुढचा प्रसंग त्या नजरेने पाहायचा. अरविंद त्रिवेदी केवटाच्या भूमिकेसाठी गेले होते आणि रावण होऊन परतले, हीही गोष्ट पुन्हा रंगली. ऐंशी वर्षे ओलांडलेले त्रिवेदी आपल्या घरी सीताहरणाचा प्रसंग पाहताना हात जोडतात, ते दृश्य त्या एप्रिलमध्ये अनेकांनी पाहिले. जैन घरांत विशेष अभिमानाने उल्लेख होई तो संगीतकार रवींद्र जैन यांचा. जन्मतः दृष्टिहीन असलेल्या, अलीगढच्या जैन कुटुंबात वाढलेल्या या कलावंताचा स्वर म्हणजे त्या मालिकेचा निम्मा प्राण होता.

येथपर्यंतचे सारे इतर घरांतही घडले असेल. जैन घरांत मात्र या बारीक तपासणीला एक निराळे वळण मिळण्याजोगे होते, आणि काही घरांत ते मिळालेही. रावणवधाचा भाग आला आणि श्रीरामाचा बाण सुटला, की पाठशाळेत त्रेसष्ट शलाका पुरुषांची नावे पाठ केलेले एखादे मूल थबकते. पाठशाळेत तर शिकवले होते की राम आठवे बलभद्र, लक्ष्मण आठवे नारायण आणि रावण आठवा प्रतिनारायण. आणि प्रतिनारायणाचा अंत नारायणाच्या हातून होतो. मग लक्ष्मण बाजूला का उभा आहे?

अशा प्रश्नाला ‘ती मालिका आहे, पाहा गुपचूप’ हे उत्तर योग्य नव्हे. कारण जैन रामकथेचा आरंभच मुळी अशा प्रश्नांनी झाला आहे. विमलसूरींचे प्राकृत ‘पउमचरियं’ आणि रविषेणाचार्यांचे इ. स. ६७७ च्या सुमाराचे संस्कृत ‘पद्मपुराण’ या दोन्ही ग्रंथांत मगधाधिपती श्रेणिक रात्री शय्येवर पडल्या पडल्या ऐकलेल्या रामकथेतील बारकाव्यांचा विचार करतो. महाबली राक्षसांना वानरांनी जिंकले ते कसे? कुंभकर्ण सहा महिने झोपतो आणि उठताच हत्ती गिळतो, हे कसे मानावे? देवांचा राजा इंद्र रावणाचा बंदी होतो, तो कसा? सकाळ होताच राजा गौतम गणधरांकडे जाऊन हे प्रश्न ठेवतो. पुढचे सारे पुराण हे त्या शंकांचे समाधान आहे. कथा आवडली म्हणून तिची फेरतपासणी करणारा श्रोता आपल्या परंपरेत थेट राजसिंहासनावर बसलेला आहे.

गौतम गणधरांची उत्तरे पाहावीत. वानर म्हणजे शेपटीचे प्राणी नव्हेत. मुकुटावर आणि ध्वजावर वानराचे चिन्ह वागवणारा तो विद्याधरांचा एक वंश. राक्षस हेही एका वंशाचे नाव. रावणाला दहा मस्तके नव्हती. बालपणी त्याने गळ्यात घातलेल्या हारातील रत्नांत त्याच्या मुखाची नऊ प्रतिबिंबे दिसली, म्हणून तो दशानन. मालिकेतील दहा तोंडांचा मुखवटा पाहून हसणाऱ्या मुलाला ही हाराची गोष्ट सांगून पाहावी. ते पुन्हा हसणार नाही, विचारात पडेल.

परंतु खरा फरक मुखवट्यांचा नाही. मालिकेत राम सुवर्णमृगामागे धनुष्य घेऊन धावतो. पद्मपुराणात हा मृगच नाही. तेथे लक्ष्मण वेळूच्या बेटात सापडलेले सूर्यहास खड्ग सहज त्या वेळूंवर चालवून पाहतो आणि आत साधना करीत बसलेला शंबूक नकळत मारला जातो. शंबूक हा रावणाच्या बहिणीचा मुलगा. त्यातून खरदूषणाशी युद्ध पेटते आणि सिंहनादाचा खोटा संकेत करून रावण रामाला सीतेपासून दूर नेतो. म्हणजे सर्व अनर्थाचे मूळ एका अजाणता घडलेल्या हिंसेत आहे, आणि ती हिंसा नायकाच्याच हातची आहे. शस्त्र हाती आले, म्हणून चालवून पाहिले, एवढेच. हा तपशील गाळला तर पुढची कथा तशीच चालू शकते, पण कर्माचा हिशेब जुळत नाही.

वालीही रामाच्या बाणाने मरत नाही. तो आधीच दीक्षा घेऊन तपाला गेलेला आहे. रावण सीतेवर बळजबरी का करीत नाही, याचे कारणही निराळे आहे. जी स्त्री आपणास इच्छित नाही तिला स्पर्श करणार नाही, असा नियम त्याने अनंतवीर्य केवलींसमोर घेतला होता. अधर्माच्या मार्गावर असतानाही घेतलेला एक नियम तो शेवटपर्यंत पाळतो. लहानमोठे नियम घेणाऱ्या घरांना या तपशिलाचे मोल वेगळे सांगावे लागू नये. येथे एक नोंद आवश्यक आहे : जैन रामकथेचे सर्व ग्रंथ एकसारखे नाहीत. गुणभद्राचार्यांच्या ‘उत्तरपुराणा’त सीता ही मंदोदरीचीच कन्या आहे आणि तेथे मायावी मृगही येतो. विमलसूरी आणि रविषेण यांचा प्रवाह वेगळा. श्वेतांबर परंपरेत हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात सांगितलेली कथा बहुतांशी याच प्रवाहाची. तेव्हा ‘आपले रामायण असे आहे’ असे ठासून सांगण्यापूर्वी ‘कोणत्या ग्रंथातले’ हे पाहून घ्यावे.

इंद्रजित आणि कुंभकर्ण यांचे प्रसंग मालिकेत भव्य होते. कुंभकर्णाला जागे करण्याचा भाग मुलांनी पुन्हापुन्हा पाहिला, मेघनादाच्या वधाचा भाग मोठ्यांनी. पद्मपुराणात यांपैकी कोणीही रणांगणावर मरत नाही. दोघे बंदी होतात, रावणाच्या मृत्यूनंतर मुक्त होतात आणि मुनिदीक्षा घेतात. दिगंबर परंपरेनुसार त्यांचे निर्वाणस्थान बडवानीजवळील चूलगिरी, म्हणजे ज्याला आपण बावनगजा म्हणतो ते क्षेत्र. विदर्भातून तेथे यात्रेला जाणारी कुटुंबे थोडी नाहीत. भगवान ऋषभदेवांच्या त्या भव्य प्रतिमेसमोर उभे राहून छायाचित्रे काढली जातात. पण दूरचित्रवाणीवर ज्याच्या वधाला टाळ्या वाजवल्या, तो इंद्रजित याच पर्वतावरून सिद्ध झाला, हे किती जणांच्या ध्यानी असते?

आणि हे काही कपाटात बंद असलेले ज्ञान नव्हे. अनेक दिगंबर घरांत निर्वाणकांडाचा पाठ नित्य होतो. त्यात ही नावे येतात. राम, हनुमान, सुग्रीव यांची नावे येतात आणि त्यांच्यासोबत नाशिक जिल्ह्यातील मांगी-तुंगीचे नाव येते. कुलभूषण आणि देशभूषण या दोन मुनींची नावे येतात, आणि त्यांच्यासोबत कुंथलगिरीचे. या मुनींवरील उपसर्ग राम आणि लक्ष्मण यांनी वनवासात दूर केला, तो प्रसंग पद्मपुराणात आहे. मालिकेत असणे शक्यच नव्हते. आजी रोज सकाळी हा पाठ म्हणतात. नातू शेजारच्या खोलीत असतो. त्याला अस्लम खानने कोणकोणत्या भूमिका केल्या ते मोजून सांगता येते, आणि आजींच्या पाठातील इंद्रजित व पडद्यावरील मेघनाद एकच, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दोष नातवाचा नाही. आजींनाही पाठ मुखोद्गत असतो. अर्थ विचारणारा कोणी भेटलेला नसतो.

वाशिम जिल्ह्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच बोचते. कारंजा येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे आहेत आणि तेथील शास्त्रभांडारे विद्वानांना परिचित आहेत. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची जी सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तीत कारंज्याच्या पोथ्यांना मोठे स्थान आहे. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांच्या पुढाकाराने कारंजा जैन ग्रंथमाला उभी राहिली. १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले ‘जसहरचरिउ’ आणि १९३३ मध्ये स्वतः हिरालालजींनी संपादित केलेले ‘णायकुमारचरिउ’ प्रकाशित झाले. दोन्ही कृती दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंतांच्या. याच पुष्पदंतांनी इ. स. ९६५ मध्ये मान्यखेट येथे पूर्ण केलेल्या अपभ्रंश ‘महापुराणा’तही रामकथा आहे. मराठीतही उणीव नाही : पंधराव्या शतकात गुणकीर्तींनी मराठीत पद्मपुराण रचावयास घेतले. पोथ्या जपणारे पूर्वज व्यापारीच होते. दुकानाच्या वह्यांइतक्याच काळजीने त्यांनी त्या बासनांत बांधून ठेवल्या.

१९ एप्रिल २०२० पासून ‘उत्तर रामायण’ सुरू झाले. कुशाच्या वेषातील बालवयीन स्वप्नील जोशी यांना पाहून मराठी घरांत पुन्हा हर्ष झाला. शेवटी सीता धरणीच्या पोटात सामावते तेव्हा बहुतेक घरांत डोळे पाणावले. पद्मपुराणातील सीता जमिनीत जात नाही. अग्निपरीक्षा तेथे लंकेत नव्हे, तर दोन्ही पुत्र पित्याला भेटल्यानंतर अयोध्येत होते. अग्निकुंडाचे सरोवर होते. राम क्षमा मागतो, राजभवनात चलण्याची विनवणी करतो. सीतेच्या मनात कोणाविषयीही रोष नाही. ती दोष देते तो आपल्या कर्माला. मग ती तेथेच, सर्वांसमोर, आपल्या हातांनी केशलोच करते आणि आर्यिका होते. राम ते केस पाहून मूर्च्छित पडतो. घरातील सुनांनी आणि मुलींनी हे दोन्ही शेवट शेजारी शेजारी ठेवून पाहावेत आणि काय वाटते ते आपसांत बोलावे.

रविषेणाचार्यांचे पद्मपुराण पंडित पन्नालाल जैन साहित्याचार्य यांच्या हिंदी अनुवादासह भारतीय ज्ञानपीठाने तीन भागांत प्रसिद्ध केलेले आहे. त्याची पर्वे एकशे तेवीस. दूरदर्शनने टाळेबंदीत मूळ मालिका बावीस दिवसांत संपवली; रोज एक पर्व वाचले तर हा ग्रंथ साधारण चार महिने, म्हणजे एक चातुर्मास पुरतो. त्यात लंकेच्या युद्धाचा एक प्रसंग आहे : आष्टाह्निक पर्व येते, रावण शांतिनाथ जिनालयात नियम धरून बसतो. त्याला याच वेळी पकडावे, असे रामाच्या बाजूचे वीर सुचवतात. राम म्हणतो की नियमात बसलेल्यावर चाल करणे योग्य नव्हे. युद्ध तेवढे दिवस थांबते.