रोग एक, दवाखाना एक

अमेरिकेत प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाने कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात दगावतात. ‘हे त्यांच्या रक्तातच आहे’ असे म्हणून पुष्कळजण मोकळे होतात. परंतु माजी सैनिकांची आकडेवारी निराळेच सांगते.

तेथे माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचे देशव्यापी जाळे आहे. खाजगी विमा असो वा नसो, पात्र सैनिकाला उपचार मिळतात. तेथे २००० ते २०१५ या काळात निदान झालेल्या सुमारे साठ हजार रुग्णांची पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. निदानानंतरच्या दहा वर्षांत या रोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण गोऱ्यांत ५.१ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ४.४ टक्के निघाले! बाहेर एवढी रुंद असलेली दरी येथे बुजली, ती केवळ दवाखान्याचे दार सर्वांना सारखे उघडे होते म्हणून, असे मानायला जागा आहे.

अर्थात हा रोग मुळात कृष्णवर्णीय सैनिकांनाच अधिक होतो; तो दवाखान्याने टळत नाही, वेळेवर सापडतो इतकेच. त्यासाठी पीएसए ही रक्ताची तपासणी आहे. तीही वादातीत नाही. २०१२ साली तेथील तज्ज्ञमंडळाने ती नकोच म्हटले; २०१८ साली ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचे त्याने ठरवावे, असे सुचविले.

आणखी एक गोष्ट. व्हिएतनामच्या जंगलांवर अमेरिकी विमानांनी ‘एजंट ऑरेंज’ हे तणनाशक फवारले. त्याच्याशी या कर्करोगाचा संबंध सरकारने मान्य केला १९९६ साली. युद्ध १९७५ मध्येच संपले होते.