पांढऱ्या उजेडामागील पिवळी पूड

वैभववाडीच्या बाजारपेठेत दिवेलागणीनंतर ग्राहक कापडाचा रंग आणि धान्याची प्रत एलईडीच्या उजेडातच पारखतो. हा पांढरा उजेड मात्र चिपमधून थेट येत नाही. चिप देते तो निळा प्रकाश. तिच्यावरील पिवळी पूड त्यातील काही भाग शोषून पिवळा प्रकाश बाहेर टाकते आणि दोहोंच्या मिश्रणातून डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. या पुडीस फॉस्फर म्हणतात. नावात साम्य असले, तरी तिच्यात फॉस्फरस असतोच असे नाही. प्रचलित फॉस्फर हा इट्रियम, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचा स्फटिक असून त्यात अत्यल्प सेरियम मिसळलेले असते. जपानच्या निचिया कंपनीने १९९६ मध्ये असा पांढरा दिवा बाजारात आणला. त्यामागील निळ्या एलईडीच्या शोधास २०१४ चे नोबेल पारितोषिक लाभले.

या पुडीचा शत्रू म्हणजे उष्णता. विजेचा जो अंश प्रकाशात उतरत नाही, त्याची उष्णता होते. अधिक शक्तीच्या दिव्यात चिपचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकते. तेव्हा स्फटिकातील अणूंची कंपने वाढतात आणि शोषलेली ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेतच खर्ची पडते. जमा तेवढीच, पण उत्पन्न घटते. पिवळा अंश कमी झाला की उजेड मंदावतो व निळसर होतो. म्हणूनच संशोधक १५० अंशांवरील तेजाची खोलीच्या तापमानातील तेजाशी तुलना करतात. घट्ट बांधणीचे स्फटिक निवडणे आणि सिलिकॉनऐवजी काचेत पूड बसवणे, हे त्यावरील उपाय होत.

महाराष्ट्रात नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फॉस्फरवर दीर्घकाळ काम झाले आहे. तेथील प्रा. संजय ढोबळे हे फॉस्फेटवर्गीय फॉस्फरवरील २०१२ च्या इंग्रजी ग्रंथाचे एक सहलेखक आहेत.

दिव्यातील हा दोष तापमापनात गुण ठरतो. एर्बियमयुक्त फॉस्फर दोन निकटच्या हिरव्या छटा देतो आणि त्यांचे परस्पर प्रमाण तापमानानुसार बदलते. मोजायचे असते ते प्रमाण, त्यामुळे एकूण प्रकाश क्षीण झाला तरी हिशेब फारसा चुकत नाही. काही फॉस्फरमध्ये चमक विझण्यास लागणाऱ्या वेळेवरून तापमान कळते. काचतंतूच्या टोकाशी असा फॉस्फर बसवला, की धातूची तार नेणे धोक्याचे असते अशा ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतील उष्णताही जाणता येते.

दुकानदाराने यातून इतके ध्यानी घ्यावे: किडे येऊ नयेत म्हणून पूर्ण बंद केलेल्या आवरणात, त्यासाठी न बनवलेला दिवा लावू नये, त्याची उष्णता तेथेच कोंडते. खरेदी करताना वॅट आणि किंमत यांबरोबरच बीआयएस नोंदणी, हमीचा काळ व रंगदर्शन निर्देशांक पाहावा. कापडाच्या दुकानात हा निर्देशांक ९० च्या आसपास असणे इष्ट. दुकानात पसंत केलेला रंग घरीही तसाच दिसला, तरच ग्राहकाचा विश्वास टिकतो.