ऑसिलेटरचा गोंगाट आणि बारीक पावलांचा भ्रम

मोबाइलपासून रडारपर्यंत जवळपास प्रत्येक रेडिओ यंत्रात एक ऑसिलेटर ठेका धरून असतो. ट्रान्झिस्टरमधल्या विद्युत-गोंगाटामुळे त्याचे प्रत्येक आवर्तन किंचित आधी किंवा उशिरा पुरे होते. हाच फेज नॉइज. तो वाढला की शेजारच्या चॅनेलचा जोरदार सिग्नल आपल्या चॅनेलवर सांडतो. म्हणून चिप बनण्याआधीच तो संगणकावर मोजायचा असतो. गणित वेळेच्या जितक्या बारीक पावलांनी आणि जितका वेळ चालवावे तितके उत्तर खरे, हा त्यातला नेहमीचा समज. तो चुकीचा आहे.

बर्कलेच्या स्पाइस या सर्किट-सिम्युलेटरमधले पारंपरिक नॉइज विश्लेषण सर्किट एका स्थिर बिंदूवर बसले आहे असे धरते. ॲम्प्लिफायरला ते चालते. ऑसिलेटर स्थिर बसला तर तो ऑसिलेटरच नव्हे. मग गोंगाट मिसळून सर्किट थेट चालवावे म्हटले, तर 1 गिगाहर्ट्झच्या ऑसिलेटरचा मुख्य वारंवारतेपासून 1 किलोहर्ट्झवरचा नॉइज पाहायला किमान 1 मिलिसेकंद, म्हणजे 10 लाख आवर्तने लागतात. दर आवर्तनाला 100 पावले धरली तर 10 कोटी, आणि सरासरीसाठी हेच पुन्हा पुन्हा. एवढा वेळ दिला तरी मूळ दुखणे राहतेच. लाटेची उंची बिघडली तर ऑसिलेटर ती सावरतो, पण सरकलेली फेज मागे ओढणारे काहीच नसते. त्यामुळे आकडेमोडीची चूकही फेजमध्येच साचते आणि ट्रान्झिस्टरचा गोंगाट कुठला, संगणकाचा कुठला, हे आलेखावरून सहज कळत नाही.

म्हणून आधी गोंगाट वगळून एकच स्थिरावलेले आवर्तन काटेकोर शोधावे आणि मग त्याच्या प्रत्येक क्षणी इवला धक्का दिला तर फेज किती सरकते ते काढावे. लीसनच्या फेज नॉइजसाठीच्या 1966च्या सूत्रात ही क्षणाची जाण नव्हती. हाजीमिरी आणि ली यांनी 1998 मध्ये दाखवले, की तोच धक्का लाटेच्या शिखरावर फेजला फारसा लागत नाही, शून्य ओलांडताना मात्र पुरता लागतो. यावर आक्षेप असा, की हेही रेषीय गणितच; मुख्य वारंवारतेला खेटून ते अनंत नॉइज सांगते. आक्षेप खरा आहे. पण डेमिर, मेहरोत्रा आणि रॉयचौधुरी यांनी 2000 मध्ये तिथला आलेख गोलावतो आणि एकूण शक्ती मर्यादितच राहते हे सिद्ध केले. मुख्य वारंवारतेपासूनच्या, डिझायनरला लागणाऱ्या अंतरांवर सहसा त्याने फरक पडत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: फ्रॅक्शनल डिव्हायडरसारख्या (वारंवारतेला अपूर्णांकाने भागणाऱ्या), छोटे आवर्तन नसलेल्या सर्किटला ही रीत पेलत नाही. तिथे सहसा सर्किट थेट चालवावे लागते. शिवाय ट्रान्झिस्टरच्या मॉडेलमधले फ्लिकर नॉइजचे (कमी वारंवारतेवर वाढणाऱ्या गोंगाटाचे) आकडे कच्चे असतील, तर कुठलेही विश्लेषण कच्चेच. तेव्हा सिम्युलेटरचा आकडा अहवालात टाकण्यापूर्वी ते आवर्तन मांडायला घेतलेल्या हार्मोनिकांची, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटींची, संख्या दुप्पट करून पाहा, आणि 10 मेगाहर्ट्झसारख्या दूरच्या अंतरावर, जिथे थेट चालवणे स्वस्त पडते, दोन्ही पद्धतींची उत्तरे ताडून पाहा.